जागच्या जागी

मनगट धरलं गेलं तेव्हा रमाकांतरावांना आधी राग आला. भीती मागाहून आली. चौतीस वर्षं तहसिलीत रेकॉर्ड कीपर म्हणून काढली, सहासष्ट वर्षांत या मेहकरात कुणाशी साधी बाचाबाची केली नाही, आणि आज सकाळी साडेअकरा वाजता, बायपासवरच्या नव्या मार्टात, मसाल्यांच्या रांगेत, एक माणूस आपलं मनगट धरून उभा आहे! हात गरम होता आणि त्याला तंबाखूचा वास होता. हा कडूबा. आताआतापर्यंत बस स्टँडवर हमाली करायचा, मार्ट उघडल्यावर निळा गणवेश घालून दारावर उभा राहायला लागला. त्याच्या आजाच्या शेताची जुनी नक्कल रमाकांतरावांनीच एकदा बस्त्यांच्या ढिगातून शोधून दिली होती, आणि तीही त्याचा चहा न घेता. "काय टाकून राह्यले काकाजी खिशात? दाखवा बरं," कडूबा म्हणाला, आणि हळू म्हणाला असता तरी चाललं असतं, पण तूरडाळीची पाकिटं उलटसुलट करणाऱ्या दोघी बायांनी वळून पाहिलं. टाकत नाही रे बाबा, ठेवतो आहे, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं. ते खरं होतं. त्यांच्या मुठीत केशराची छोटी डबी होती आणि ती ते फळीवर परत ठेवायला आले होते. पण इतकं खरं वाक्य इतकं निरुपयोगी असू शकतं हे त्यांना त्या वयात कळलं.

चोरून आणणारी माणसं जगात पुष्कळ. चोरून परत ठेवणारा माणूस कुणी पाहिला आहे? कुणाला सांगावं, तर तो आधी हसेल आणि मग खिसे तपासेल. पण रमाकांतराव गेली चोवीस वर्षं हेच करत आले होते. मुलाच्या, सोहमच्या, मुंजीची भांडी घ्यायला ते आणि बायको पद्मजाबाई चिखलीला गेले होते, तिथून याची सुरुवात. रात्री घरी पिशव्या रिकाम्या करताना त्यांनी सवयीनं दुकानदाराची चिठ्ठी एकेका भांड्यावर बोट ठेवत ताडून पाहिली, आणि एक तांब्याची पळी जास्त निघाली. "ही चिठ्ठीत नाही," ते म्हणाले. "राहिली असेल लिहायची," पद्मजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मान वर केली नाही. त्या मान वर न करण्यातच सगळं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी नेमकी तीच पळी उचलली, आणि बटूनं आयुष्यातलं पहिलं आचमन तिनं केलं. आता ती परत कशी करणार? मंत्र पडलेली वस्तू भांड्याच्या दुकानात नेऊन ठेवायची तरी कशी? पळी देवघरात राहिली. रमाकांतराव रोज सकाळी तिनंच पाणी घेतात, केशवाय नमः म्हणतात, आणि दर वेळी ते पाणी घशाखाली उतरताना त्यांना चिखलीच्या दुकानातला तो पाठमोरा म्हातारा दिसतो. मग कधी हिंगाची डबी, कधी सेफ्टी पिनांचा पुडा, कधी नखांना लावायचा लाल रंग, जो पद्मजाबाईंनी जन्मात लावला नव्हता. एकदा तर शाळेतल्या पोरांचं खोडरबर. लागणारी वस्तू त्यात कधीच नसायची. लागणाऱ्या वस्तूंसाठी त्या चार दुकानं फिरत, घासाघीस करत, आणि चोख पैसे देत.

का, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मनातल्या मनात मात्र कारणांची चवड लावली. पद्मजाबाई संग्रामपूरच्या, भिक्षुकाच्या घरच्या, सात भावंडं, बाजारात बापाच्या मागून चालायचं आणि कशाकडे बोट दाखवायचं नाही, अशी शिस्त. हे एक कारण. लग्नानंतर रमाकांतरावांनीही त्यांना कधी, तुला काय हवं, असं विचारलं नव्हतं, हे दुसरं. पण ते त्यांनी चवडीच्या तळाशी ठेवलं आणि पुन्हा काढलं नाही. अकोल्याला एखाद्या डॉक्टरला दाखवावं असं एकदा फार वाटलं होतं. पण डॉक्टरला दाखवायचं म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे स्वतःच्या तोंडानं, शब्द उच्चारून. तो शब्द कुळकर्ण्यांच्या घरात उच्चारला गेला नाही तो नाहीच. त्याऐवजी एक व्यवस्था लागत गेली. बाहेरून आल्यावर पद्मजाबाई ती वस्तू आलमारीवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. चार-आठ दिवसांनी रमाकांतराव स्टूल घेऊन डबा उतरवत, वस्तू खिशात घालत, आणि ज्या दुकानातली तिथं जात. "वरच्या फळीवरचं ते दाखवा जरा," असं म्हणायचं. दुकानदार पाठ फिरवून लाकडी घोड्यावर चढला की इकडे काचेच्या कपाटात डबी तिच्या बहिणींशेजारी ठेवून द्यायची. रेकॉर्डरूममध्ये जन्मभर तेच केलं होतं. नस्ती जिथून निघाली तिथंच परत गेली पाहिजे. सुरुवातीला त्यांना वाटायचं, बायकोला कळत नाही आपण परत ठेवतो ते. मग वाटायला लागलं, कळतं. मग एके दिवशी डब्यात वस्तूबरोबर दुकानाच्या नावाची कागदी पिशवी घडी घालून ठेवलेली दिसली, आणि त्यांनी ओळखलं की बाईसाहेब पत्ता देऊन ठेवतात. संसारात कामाची वाटणी असतेच. कुणी भाजी आणतं, कुणी निवडतं.

आणि खरं सांगायचं तर, निवृत्तीनंतर त्यांना त्यात गोडी लागली होती. हे ते कबूल करणार नाहीत, पण डबा दोन-दोन महिने रिकामा राहिला की त्यांना करमत नसे. वस्तू परत ठेवून दुकानाच्या पायऱ्या उतरताना छाती अशी भरून यायची की वाटायचं, गावात एवढी माणसं हिंडताहेत, पण निर्मळ हातांचा एकटा मी. घरी येऊन ते बायकोशी त्या दिवशी जरा जास्तच मवाळपणे बोलत. क्षमा करणाऱ्याचा आवाज लागायचा त्यांना. पद्मजाबाईंना तो आवाज आवडत नसावा, कारण अशा दिवशी त्या स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत. मार्ट उघडल्यावर त्यांना वाटलं, आता काम सोपं झालं: सगळं उघड्यावर मांडलेलं, मध्ये ना टेबल ना दुकानदार. छताला काळे गोळे लावलेत ते दिवे नव्हेत, हे त्यांना ठाऊक होतं. पण कॅमेरा चोरांसाठी असतो अशी त्यांची पक्की समजूत होती.

मॅनेजरच्या काचेच्या खोलीत त्यांना खुर्ची मिळाली. मॅनेजर कुलदीप, चिखलीकडचा पोरगा, तिशीही न उलटलेला, वागायला नम्र. त्यानं कडूबाला बाहेर उभं राहायला सांगितलं, पाणी मागवलं, आणि डबी मशीनखाली धरून पाहिली. विकली न गेलेली. मग पडद्यावर चित्र मागं नेलं. रमाकांतरावांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला पाठीमागून आणि वरून पाहिलं. टक्कल एवढं पडलं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. पडद्यावरचा तो म्हातारा दोनदा मागं पाहत होता, वेलदोड्याचं पाकीट उगाच वाचत होता. सराईत चोर याहून काय वेगळा दिसतो? "काका," कुलदीप गोंधळून म्हणाला, "तुम्ही तर खिशातून काढून राहिले. म्हणजे परत ठेवून राहिले तुम्ही हे." "हो," रमाकांतराव म्हणाले. तेवढ्यावर थांबलं असतं तर किती बरं झालं असतं. चुकून पिशवीत गेली होती म्हणाले असते, पोरानं हसून सोडलं असतं. पण कुलदीप कामाचा पोरगा होता. "मग गेली कधी बाहेर? आपल्याकडे पंधरा दिवसांचं रेकॉर्डिंग राहते. मागं जाऊन पाहून घेतो ना, दोन मिनिटं. कोण सामान उचलून राहिलं ते मलाही वर कळवावं लागते." त्याचं बोट मशीनवर गेलं. रमाकांतरावांना समोर दिसलं ते असं: याच पडद्यावर, याच रांगेत, अबोली साडी, खांद्याला कापडी पिशवी, तो हात, ती न वर होणारी मान, आणि कुलदीप, आणि दाराशी कडूबा, आणि मग गाव. "कशाला पाहता," ते म्हणाले, "मला माहीत आहे कोणी घेतली. आमच्याकडे कामाला बाई आहे. तिच्याकडे सापडली. म्हटलं, गरिबाची चूक, गुपचूप ठेवून यावी." हे सगळं एका दमात आलं, अडखळलं नाही. इतक्या वर्षांत खोटं बोलण्याचा सराव नव्हता, आणि तरी ते पहिल्याच खेपेला इतकं नीट बाहेर पडलं. कुलदीपचं बोट मशीनवरून निघालं. "कोण बाई? नाव काय?" आणि एकदा उतार लागला की पाय थांबत नाहीत. "चांगुणा."

"चांगुणा म्हणजे आपल्या छकुलीची आई?"

इथं एक क्षण होता. पुढे कितीतरी दिवस रमाकांतराव त्या क्षणाशी परत परत जाऊन उभे राहत. छकुली याच मार्टात बिलाच्या काउंटरला होती. तीन महिन्यांपूर्वी चांगुणानंच पेढे आणले होते, पोरीचा निळा टी-शर्ट स्वतः इस्त्री करते म्हणून कौतुकानं सांगितलं होतं. आज तिची सुट्टी होती, म्हणून समोर दिसली नाही, म्हणून डोक्यात आली नाही. नाही हो, ती नव्हे, दुसरी चांगुणा, असं म्हणायला कितीसा वेळ लागला असता? एका गावात दोन चांगुणा नसतात का? पण पडदा समोर होता, त्यांचं पाठमोरं टक्कल अजून तिथं थिजलेलं होतं. त्यांनी मान हलवली. होकाराची मान. कुलदीप उठून उभा राहिला आणि त्यानं खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "काका, अशी माणसं राहिली नाहीत हो आता," तो म्हणाला. कडूबानंही दारातून हात जोडले. "माफी करजा काकाजी, वळखलं नाही मी."

घरी आले तेव्हा पद्मजाबाई ओट्यापाशी वाल सोलत होत्या. रमाकांतरावांनी सांगितलं, सगळं. या घरात पहिल्यांदा त्या गोष्टीबद्दल तोंडानं बोललं गेलं, आणि तेही असं, उभ्या उभ्या, धाप लागलेल्या आवाजात, जणू मोठ्या संकटातून घर वाचवून आणलं आहे. त्यांची अपेक्षा होती, आता ती रडेल. रडली असती तर त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला असता. पद्मजाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "चांगुणाचं नाव सांगितलं?" त्यांनी विचारलं. "मग काय तुझं सांगायला पाहिजे होतं?" "हो," त्या म्हणाल्या. एवढंच. शेंग पुन्हा हातात घेत म्हणाल्या, "पंधरा दिवस राहते म्हणाला ना तो ते? मग अजून असेल. मी सोमवारी घेतली होती. जाऊन दाखवा त्याला." असं म्हणाल्या जणू आलमारीवरून डबा काढायला सांगत आहेत. रमाकांतराव संतापले. चोवीस वर्षं ज्या बाईचा शब्द पोटात ठेवला तिनं आता हे शिकवावं? चार दिवसांत लोक विसरतील, चांगुणाला आपण सांभाळून घेऊ, तिचं कुठं एवढं नाव आहे जायला. शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. पण बोलून झालं होतं.

चांगुणा दुसऱ्या दिवशी वेळेवर आली. भांडी घासली, ओटा पुसला, दूध तापायला ठेवलं. रमाकांतराव पुढच्या खोलीत पेपर धरून बसले होते आणि एक अक्षर वाचत नव्हते. भांड्यांचा आवाज नेहमीचाच होता, त्यामुळे त्यांना वाटलं, हिला अजून कळलं नसावं. मग ती पदराला हात पुसत येऊन दारात उभी राहिली. "काकाजी, छकुलीले काल सांजच्याले फोन आला. उद्यापासून येऊ नको म्हणे. तुही माय चोर हाय, कुळकर्णी साहेबानं सोता सांगतलं म्हणे." "बघतो मी," ते म्हणाले, "बोलतो त्याच्याशी." "काय बोलान? चांगुणानं नाही घेतली म्हणान? मंग कोणं घेतली, असं इचारीन ना थो." रमाकांतरावांनी पेपरची घडी घातली, पुन्हा उघडली. चांगुणाच्या आवाजात भांडण नव्हतं. असतं तर त्यांना बोलता आलं असतं. "आलमारीवरचा डबा मीच पुसतो काकाजी. बारा वर्सं झाले. त्यातलं सामान बदलते, थे दिसत नाही का मले? वकिलीनबाईनं एकडाव इचारलं बी, काऊन वं, तुह्या काकूचं काय काय आयकू येते? म्या म्हटलं, देवमाणसं हायेत थे. या तोंडातून एक सबद गेला नाही कुठं." तिनं पदराचं टोक कमरेला खोचलं. "नावच घ्याचं होतं तं बिनमाणसाचं घ्याचं. कोणी नसलेलं. माहं काऊन घेतलं?"

त्याचं उत्तर होतं, पण ते तिच्या तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. तिचं नाव घेतलं, कारण ते आधीपासूनच तयार होतं. घरातून काही हरवलं की पहिल्यांदा जे मनात येतं ते नाव. बारा वर्षांत तसं एकदाही झालं नव्हतं, आणि तरी ते जागेवर होतं, हात घातल्याबरोबर सापडलं. चांगुणा मागं वळली. स्वयंपाकघरात पद्मजाबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. दोघी बायका एकमेकींकडे पाहत राहिल्या. "उद्यापासून नाही येत मी काकू," चांगुणा म्हणाली, आणि चपला घालता घालता पुन्हा आत डोकावली, "दूध पाह्यजा, उतू जाईन."

पुढचं सगळं गावानं केलं, रमाकांतरावांना बोटही हलवावं लागलं नाही. कुलदीपनं त्यांचा निघताना काढलेला फोटो नेटवर टाकला: मार्टाच्या दाराशी, हात मागं बांधलेले, खाली चार ओळी. कामवालीनं चोरलेली वस्तू स्वतः आणून देणारे काका, प्रामाणिकपणा अजून जिवंत आहे. बाईचं नाव त्यानं लिहिलं नाही, तेवढी माणुसकी त्याच्यात होती. पण कुळकर्ण्यांकडे कामाला कोण, हे काय लिहावं लागतं? दोन दिवसांत वकिलीनबाईंनी काम सोडायला सांगितलं, तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडचं गेलं, आणि मग उरलेल्या दोन घरांनी विचार केला की एवढ्या मोठ्यांनी काढली तर आपण कशाला ठेवा. पुण्याहून मुलीचा, भार्गवीचा, फोन आला. "बाबा, माझ्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलं. तुम्ही आम्हाला लहानपणी जे सांगायचे ना, तेच तुम्ही करून दाखवलं." रमाकांतराव म्हणाले, "त्यात काय एवढं." ज्येष्ठ नागरिक संघानं शाल आणि नारळ दिला. सत्काराला उत्तर द्यायला ते उभे राहिले, समोर पंचवीस-तीस म्हातारी माणसं, निम्मी ऐकू न येणारी, आणि त्यांना वाटलं, इथं सांगून टाकावं. किती सोपं होतं. यातल्या निम्म्यांना तर कळणारही नव्हतं. घसा खाकरून त्यांनी रेकॉर्डरूमच्या दोन आठवणी सांगितल्या आणि प्रत्येक गोष्ट जागच्या जागी असावी हे आयुष्याचं सूत्र आहे असं म्हणाले. टाळ्या पडल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी असं आपण म्हणतो. पण त्या फासाखाली उभं राहून कुणी शाल पांघरून घेतो, हे म्हण करणाऱ्याला सुचलं नसावं.

घरात त्या पंधरातले दिवस मोजले जात होते. पद्मजाबाई सकाळी चहाचा कप ठेवताना म्हणत, "आज आठवा." दुसऱ्या दिवशी, "आज नववा." आवाज चढवायच्या नाहीत, रडायच्या नाहीत, जेवण वेळेवर, धुणीभांडी आता स्वतः करत होत्या आणि दुसरी बाई लावायची नाही म्हणत होत्या. त्यांची बोटं धुण्याच्या सोड्यानं सोलवटली होती. "तूच जा मग," एकदा रमाकांतराव चिडून म्हणाले, "तोंड आहे ना तुला?" "गेले होते," पद्मजाबाई म्हणाल्या. "परवा. काउंटरपाशी उभी राहिले. तो म्हणाला, या काकू, बसा काकू, चहा घ्या काकू. मला नाही बोलता आलं. मला ते बोलता येत नाही हो. तेवढं तुम्ही करा. एवढी वर्षं परत तुम्हीच ठेवत आलात ना, एवढं एक ठेवून या." जन्मात त्यांनी नवऱ्याकडे काही मागितलं असेल तर हेच. रमाकांतरावांना हे कळलं, आणि कळलं म्हणूनच ते आणखी चिडले. तेराव्या दिवशी ते खरंच निघाले. शारंगधराच्या देवळात जाऊन बसले, गार फरशीवर, तासभर. मनात वाक्यं जुळवली: कुलदीप, माझी एक चूक झाली. चूक की गैरसमज? गैरसमज बरा. मग पुढं काय? मग तो पडदा लावणार. पडद्यावर ती. आणि तिच्या पाठोपाठ, मागं मागं जात, तो शाल पांघरलेला माणूस, पाया पडून घेणारा. त्यांना उमगलं की आता भीती पद्मजेच्या नावाची उरलेली नाही. तिच्या नावासाठी खोटं बोललो, हे त्यांनी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं. पण आता राखायचं होतं ते स्वतःचं. ते उठले, देवाला पुन्हा एकदा हात जोडले, आणि घरी गेले. रस्त्यात डोणगावकडून शेतमजुरांची गाडी येत होती. मागच्या फळीवर बसलेल्या बायांत चांगुणा होती, डोक्याला फडकं, मांडीवर विळा. शेजारी छकुली होती. उन्हानं तिचं तोंड आत्ताच काळवंडलं होतं. बारावीला तिला सत्तर टक्के पडले होते, तेही चांगुणानंच पेढ्यांबरोबर सांगितलं होतं. दोघींनी त्यांना पाहिलं. चांगुणानं मान फिरवली नाही, तिनं नेहमीसारखीच नजर खाली करून ओळख दिली, आणि गाडी निघून गेली.

पंधरावा गेला. सोळाव्या दिवशी चहाबरोबर आकडा आला नाही. रमाकांतरावांनी कप उचलला, आणि लाज वाटावी इतकं हलकं वाटलं त्यांना. आता मनात आणलं तरी काही सिद्ध होणार नव्हतं. मशीननं स्वतःहून पुसून टाकलं; त्यात आपला हात नाही. त्या दुपारी ते गाढ झोपले. त्यानंतरचा आठवडाही बरा गेला. पद्मजाबाई बोलत नव्हत्या, पण त्या तशाही कधी फार बोलत नसत. भार्गवी दिवाळीला यायची होती. आलमारीवरचा डबा त्यांनी एकदा सहज उतरवून पाहिला. रिकामा होता, आणि धूळ बसली होती.

बुधवारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. पद्मजाबाई घरात नव्हत्या, भाजीला गेल्या असतील असं त्यांनी धरलं होतं. "काका, कुलदीप बोलतो. घाबरू नका, काही नाही, छोटीशी गोष्ट आहे." पोरगा हसत होता, संकोचानं. "काकू आत्ता इथून गेल्या. बदामाचं मोठं पाकीट होतं, अर्ध्या किलोचं. ते घेतलं, पिशवीत टाकलं, आणि बिल न करता तशाच निघाल्या. पडद्यावर पाहत होतो मी. मजा सांगू का, घेताना एकदम कॅमेऱ्याखाली येऊन उभ्या राहिल्या, वर पाहिलं, चांगली दोन मिनिटं पाहत राहिल्या आणि मग पिशवीत टाकलं. दारात कडूबापाशी पण थांबल्या. तो विचारणार होता, मीच खूण केली, जाऊ दे. कुळकर्णी काकू आहेत. होते ना काका या वयात, चित्त राहत नाही. आमची आजी तर गॅस चालू ठेवून देवळात जायची." रमाकांतराव ऐकत होते. फाटकाची कडी वाजली. पद्मजाबाई आत आल्या, उन्हातून चालत आल्यामुळे लाल झालेल्या, पिशवी पुढं धरलेली. पिशवीच्या तोंडातून पाकिटाचा कोपरा दिसत होता, मुद्दाम दिसावा असा. फोन पाहून त्या दारातच थांबल्या. चोवीस वर्षांत बायकोचा असा चेहरा रमाकांतरावांनी पाहिला नव्हता. मान वर होती, सरळ. "त्याचा आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि मोठ्यानं, स्पष्ट, म्हणाल्या, "सांगा त्याला, चोरलं म्हणावं. मीच चोरते म्हणावं. ते केशरही मीच नेलं होतं."

"काय म्हणून राहिल्या काकू?" कुलदीपनं विचारलं.

शब्द अखेर या घरात उच्चारला गेला होता. पद्मजाबाईंनी तो उच्चारला होता. त्यांना जमत नव्हतं ते त्यांनी हातानं आणि मग तोंडानंही करून दाखवलं होतं. आता फक्त तो पलीकडे पोचवायचा होता. फोन रमाकांतरावांच्या हातात होता. एक हात लांब करून तो तिच्या हातात दिला असता तरी पुरलं असतं. त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काही नाही," ते म्हणाले. "पैसे द्यायचे राहिले म्हणते. तिलाच आत्ता आठवलं."

"तेच म्हटलं मी. सावकाश द्या काका, घाई नाही. आणि ती बाई, चांगुणा? काढली ना तुम्ही तिला? नाही, काकू अशा विसराळू झाल्या, घरात तशी बाई नको म्हणून विचारलं."

पद्मजाबाईंनी पिशवी जमिनीवर ठेवली. त्या नवऱ्याकडे पाहत होत्या, वाट पाहत होत्या.

"हो," रमाकांतराव म्हणाले. "त्याच दिवशी काढली."